सैतान सभागृहात सापडतो

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या सीझनच्या सहाव्या भागात एक सभा आहे. काळ मार्च १९८६चा, गाव हॉकिन्स. इंडियाना राज्यातलं म्हणून सांगितलेलं, पण नकाशावर नसलेलं. थोड्याच दिवसांत शाळेतली तीन मुलं मेली आहेत, हाडं पिळवटलेली, डोळे फुटलेले. टाउन हॉल गच्च भरलाय. पोलीसप्रमुख पॉवेल लोकांना शांत राहायला सांगतोय, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीही नाही हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतंय. तेवढ्यात शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन जेसन कार्व्हर पुढे येतो आणि सभा ताब्यात घेतो. मेलेल्या तिघांत त्याची मैत्रीण आहे, टीममधला दोस्त आहे. तो सांगतो, हे साधे खून नाहीत, नरबळी आहेत. ते देणारी टोळी आपल्याच शाळेत आहे, तिचं नाव हेलफायर क्लब आणि म्होरक्या एडी मन्सन. शेवटी तो बायबलमधलं वचन म्हणतो: वाइटाला चांगल्याने जिंका. लोक उठतात, पॉवेल ओरडत राहतो आणि गाव शिकारीला निघतं.

(मालिका अजून पाहायची असेल तर इथेच थांबा, पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत.)

हेलफायर क्लब म्हणजे शाळा सुटल्यावर एका खोलीत जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी मूठभर पोरं. हा खेळ ज्याने शेजारी बसून पाहिलाय त्याला माहीत असेल, बघणाऱ्यासाठी याच्याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नसेल. टेबलावर कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि तासन्‌तास चालणाऱ्या बेरजा-वजाबाक्या. राक्षस असतो, पण तो बोलण्यात. एरिका सिंक्लेअर ही लहानशी मुलगी त्या सभेत उभी राहून नेमकं हेच सांगते, की हा पंथबिंथ काही नाही, पुस्तकी किड्यांचा क्लब आहे. तिचं ऐकतो कोण!

ही मालिका जगभर गाजली ती आठवणींच्या जोरावर. सायकली, कॅसेटी, वॉकीटॉकी, मॉलमधलं आइस्क्रीमचं दुकान, अंधार पडेपर्यंत बाहेर हुंदडणारी मुलं. तिचे कर्ते डफर बंधू १९८४ साली जन्मले, म्हणजे १९८६मध्ये ते दोन वर्षांचे होते. ज्या काळासाठी ते आपल्याला हळहळायला लावतात तो त्यांनी स्वतः बव्हंशी सिनेमांतूनच पाहिला. गंमत म्हणजे आपल्याकडच्या ज्या प्रेक्षकांच्या १९८६मध्ये मॉल नव्हता, वॉकीटॉकी नव्हता, फार तर शेजाऱ्यांकडचा टीव्ही होता, त्यांनाही ही हळहळ लागू पडते. कारण तिच्या तळाशी एक वाक्य आहे आणि ते कुठल्याही भाषेत चालतं: आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी मुलं मैदानावर असायची, या मोबाइलने आणि गेमने पोरांचं वाटोळं केलं. हे वाक्य घरात जेवताना बोललं जातं तोवर ठीक आहे. ते मंत्र्याच्या, पोलीस आयुक्ताच्या किंवा शाळेच्या संस्थाचालकाच्या तोंडी आलं की त्यातून आदेश निघतात. सहावा भाग मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की तिथे ही मालिका स्वतःच्याच मालावर हात उगारते. तुम्ही ज्याला सुवर्णकाळ म्हणता, त्या काळातले आईबापही हेच म्हणत होते की एका खेळाने आमची मुलं नासवली. आणि तो खेळ कागद-पेन्सिलीचा होता.

जेसनकडे जरा थांबून पाहायला हवं. त्याला खलनायक म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण लिहिणाऱ्यांनी त्याला खोटारडा केलेलं नाही. आधीच्या भागाच्या शेवटी त्याने तळ्यावर आपला दोस्त पॅट्रिक पाण्यातून वर उचलला जाताना, हवेत लटकताना आणि मोडताना पाहिलाय. आपण असं काही पाहिलंय जे पोलिसांना पटणार नाही, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दुःख खरं, भीती खरी, डोळ्यांनी पाहिलेलंही खरं. चूक आहे ती त्यानंतरच्या एका पावलात. जे पाहिलं त्याचा अर्थ लावायला त्याच्याजवळ तयार साचा एकच होता, देशभरच्या टीव्हीवर आणि मासिकांत तेव्हा फिरणारा: सैतानाचे पंथ, नरबळी, मुलांना बिघडवणारा खेळ आणि कर्कश संगीत. त्या साच्यात बसणारा माणूसही गावात एकच होता. लांब केसांचा, काळे कपडे घालणारा, ट्रेलर पार्कमध्ये काकाकडे राहणारा, दोनदा नापास झालेला एडी. पहिल्याच भागात हा एडी कॅन्टीनच्या टेबलावर उभा राहून त्या खेळावरचा लेख नाटकी आवाजात वाचून दाखवतो आणि टिंगल करतो. पुढे त्याच लेखाच्या भाषेत त्याच्यावर आरोप होतो.

पण गावाने जेसनचं का ऐकलं, याचं उत्तर जेसनच्या वक्तृत्वात नाही, मागच्या तीन सीझनमध्ये आहे. हॉकिन्सला सरकारी प्रयोगशाळेने सलग खोटं सांगितलंय. पहिल्या सीझनमध्ये हरवलेल्या विल या मुलाचा म्हणून बनावट मृतदेह खाणीच्या पाण्यातून काढला, आईच्या हवाली केला, त्याचे अंत्यसंस्कारही होऊ दिले. बार्बरा नावाची मुलगी मेली तेव्हा तिच्या आईबापांना महिनोन्‌महिने आशेवर ठेवलं. अखेर जे बाहेर आलं तेही रसायनगळतीची सौम्य केलेली गोष्ट. १९८५च्या जुलैत मॉलमध्ये माणसं मेली, त्याचं नाव पडलं ‘आग’. प्रत्येक वेळी गावाने मुकाट्याने कागदावरचं कारण घेतलं आणि प्रत्येक वेळी ते पुरलं नाही. जेसन सभेत हीच यादी वाचतो आणि विचारतो, आपल्याच गावात हे सगळं का घडतं? प्रश्न रास्त आहे. इतकी वर्षं तो अधिकृतपणे कुणी घेतलाच नव्हता, म्हणून ज्याने पहिल्यांदा त्याला उत्तर दिलं त्याच्यामागे लोक गेले. अफवा अडाणी लोकांत पसरते असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं ती जिथे माहिती दाबली जाते तिथे पसरते, मग लोक कितीही शिकलेले असोत.

आणि त्याच भागात, सभेपासून थोड्याच अंतरावर, दुसरी मंडळी वेगळ्या पद्धतीने शोध घेतायत. भागाचं नावच ‘द डाइव्ह’, म्हणजे बुडी; त्यांच्यातला स्टीव्ह तळ्यात उतरतो आणि तळाशी जाऊन पाहतो. त्याच्याही आधी त्यांच्यातल्याच मॅक्स या मुलीने शाळेच्या समुपदेशक मिस केली यांच्या कार्यालयातून फायली काढल्या होत्या. परवानगी न घेता, हे कबूल. त्यात तिला दिसलं की मेलेली क्रिसी आणि फ्रेड दोघंही केलीबाईंकडे जात होते. डोकेदुखी, वाईट स्वप्नं, झोप नाही. क्रिसीची आई तिला शरीरावरून टोचून खायची. फ्रेडच्या मनावर एका अपघाताचं ओझं होतं. म्हणजे धागा समुपदेशकाच्या कपाटात होता आणि गाव तो फाशांच्या डब्यात शोधत होतं. हॉकिन्समध्ये एवढी मोठी सभा भरली, पण ‘या मुलांना आधीपासून काय होत होतं?’ हा साधा प्रश्न एकाही पालकाने विचारला नाही. माझा सगळा मुद्दा या कपाटाचा आहे. खेळाला दोष देण्यात मोठी सोय असते: घर, शाळा, पोलीस, सरकार, सगळे एका दमात सुटतात.

हे सगळं पटकथाकारांच्या डोक्यातून निघालेलं नाही. खरी अमेरिका याहून विचित्र वागली होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४मध्ये बाजारात आला. १९७९च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा हुशार विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. घरच्यांनी नेमलेल्या विल्यम डिअर या खासगी गुप्तहेराने तर्क मांडला की तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला असावा. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? मुलगा पुढे जिवंत सापडला. त्याचं दुःख होतं एकटेपणाचं, नैराश्याचं, अपेक्षांच्या दडपणाचं. १९८०मध्ये त्याने आयुष्य संपवलं. डिअरने खरी हकीकत पुस्तकात लिहिली ती १९८४ साली. तोपर्यंत बोगद्यांची गोष्ट देशभर पोचली होती, तिच्यासारख्या कथानकावर टीव्हीपटही येऊन गेला होता.

१९८२मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. शाळेत या खेळात त्याच्यावर कुणीतरी शाप टाकला होता असा त्यांचा दावा होता. त्यांनी मुख्याध्यापकांवर खटला भरला, मग खेळाच्या कंपनीवर. दोन्ही टिकले नाहीत. त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली, १९८५मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’सारख्या वजनदार टीव्ही कार्यक्रमात त्या दिसल्या, पोलिसांना व्याख्यानं देऊ लागल्या. त्या बाईंची टिंगल करायला माझं मन धजत नाही. मूल गेलेल्या आईला कारण हवं असतं आणि ते बाहेरचं असलं तर जगता येतं. पण तिच्या हातात पोलिसांचं प्रशिक्षण देणाऱ्यांना मी माफ करणार नाही. त्यांचं मूल गेलेलं नव्हतं. १९८९च्या सुमारास खेळाच्या कंपनीनेही माघार घेतली आणि नव्या आवृत्तीतून ‘डेव्हिल’ आणि ‘डेमन’ हे शब्द काढून त्या जागी मनाने बनवलेली नावं घातली. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या शिक्षकांवर १९८३मध्ये असेच सैतानी अत्याचारांचे आरोप झाले, प्रकरण १९९०पर्यंत चाललं आणि एकही जण दोषी ठरला नाही.

एडीचं पात्र ज्याच्यावरून सुचल्याचं डफर बंधूंनी सांगितलंय, तो डेमियन एकल्स खराखुरा आहे. १९९३च्या मे महिन्यात आर्कान्सास राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. पकडले गेले तीन किशोर. एकल्स काळे कपडे घालायचा, मेटॅलिका हा हेवी मेटल बँड ऐकायचा, जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा. दुसऱ्या एका मतिमंदत्वाच्या सीमारेषेवरच्या मुलाला तासन्‌तास चौकशीला बसवून कबुली घेतली. ध्वनिमुद्रण मात्र शेवटच्या थोड्या भागाचं. सैतानी पंथांचा तज्ज्ञ म्हणून सरकारपक्षाने जो साक्षीदार उभा केला, त्याची डॉक्टरेट टपालाने शिकवणाऱ्या संस्थेची होती. १९९४मध्ये एकल्सला मृत्युदंड आणि बाकी दोघांना जन्मठेप झाली. १९९६मध्ये या खटल्यावर माहितीपट आला, मेटॅलिकाने त्यासाठी आपली गाणी वापरू दिली. चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात एडी ट्रेलरच्या छतावर चढून गिटारवर मेटॅलिकाचंच गाणं वाजवतो. ज्यांना वेस्ट मेम्फिस माहीत आहे त्यांना ते गाणं वेगळं ऐकू येतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण हॉकिन्सची सभा आपल्याकडेही भरली होती. २०१७च्या जुलैअखेर मुंबईत अंधेरीतल्या एका शाळकरी मुलाने आयुष्य संपवलं आणि बातम्यांत ‘ब्लू व्हेल’ हे नाव आलं. पन्नास दिवसांचे पन्नास टप्पे, शेवटचा टप्पा मृत्यू, असं सांगितलं जायचं. विधिमंडळात विषय निघाला. शाळांनी पालकांना सूचना धाडल्या, मुलांचे हात तपासले गेले. ११ ऑगस्टला केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकायला लिहिलं. ॲप स्टोअरवर मिळेल अशी ही वस्तूच नव्हती, हा प्रश्न त्या घाईत बाजूला राहिला. मग समिती नेमली गेली. तिने मुलांचे फोन, इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी, न्यायवैद्यक पुरावे तपासले. २०१८च्या जानेवारीत गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी संसदेत निष्कर्ष सांगितला: यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही.

एकाही घटनेत नाही. हे उत्तर किती घरांत पोचलं? ज्या शाळांनी सूचना काढल्या होत्या त्यांपैकी कितींनी दुसरी सूचना काढली? आजही पालकसभेत कुणीतरी ब्लू व्हेलचा दाखला देतं आणि सगळे माना डोलावतात. दरम्यान राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. त्यावर अशी गच्च भरलेली सभा भरलेली मला आठवत नाही. भरली तर बोलावं लागेल ते क्लासच्या फीबद्दल, निकालाच्या दिवशी घरात होणाऱ्या शांततेबद्दल, शेकडो मुलांमागे एकही समुपदेशक नसलेल्या शाळांबद्दल. त्यापेक्षा मासा बरा.

राजकोटमध्ये २०१९च्या मार्चमध्ये पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदी घातली आणि खेळताना दिसले म्हणून तरुणांना अटक केली. हे वाचताना हसू येतं. पण त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जे झालं त्यावर हसता येत नाही. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आधीच पोचले होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे होते. इथेही साचा आधी तयार होता. त्यात बसणारी, वेगळ्या वेशातली, गरीब, कुणाच्याच ओळखीची नसलेली माणसं नंतर आली. ज्या इमारतीत गावाने प्रश्न विचारायचे आणि कागद मागायचे तीच इमारत होती ती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही: मग पालकांनी काळजीच करू नये काय? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांत घरं धुऊन निघाली आहेत. बरोबर. पण तिथे मोजता येण्याजोगं काहीतरी आहे. आजाराची लक्षणं लिहून ठेवलेली आहेत, खात्यातून गेलेल्या पैशांचा हिशेब लागतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तो योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, कारण दोन्ही बाजूंना आकडे मांडता येतात. सैतान आणि मासा यांच्याशी वाद घालता येत नाही. म्हणून मागणी एवढीच आहे की मुलांच्या कुठल्याही खेळावर, गाण्यावर, ॲपवर आदेश काढताना प्रशासनाने त्यासोबत घटनेच्या तपासाचा तपशील जाहीर करावा, तो नसेल तर ‘तपास सुरू आहे’ एवढंच म्हणावं आणि थांबावं. आणि तपासातून काही निघालं नाही तर तेही त्याच शाळांना, त्याच पालकांना, तितक्याच जोरात कळवावं. संसदेतल्या लेखी उत्तरात ते गाडून टाकू नये. पॉवेलचा गुन्हा हा की त्याने खोटं कारण सांगितलं असं नाही. त्याने कारणाची जागा रिकामी ठेवली आणि माइकपासून बाजूला झाला.

मालिकेबद्दलची एक तक्रारही नोंदवायला हवी. हॉकिन्समध्ये शेवटी राक्षस खरोखरच निघतो. व्हेकना आहे, तो मुलांना मारतो, आणि त्यामुळे गावाची भीती अर्धी खरी ठरते. पत्ता तेवढा चुकलेला. जेसनलाही जमिनीला पडलेली भेग गिळते, कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. एडी त्याच गावासाठी मरतो आणि गाव त्याला खुनीच समजत राहतं. त्याचा काका हरवल्याचे फलक लावत फिरतो, लोक त्यावर खरडून ठेवतात. हा भाग डोळ्यांत पाणी आणतो, पण सभेतल्या त्या शेकडो माणसांना मालिका एकदाही आरशासमोर उभं करत नाही. विज्ञानकथेला राक्षस लागतो हे समजू शकतो. तरी सत्तेची लपवाछपवी इतकी नेमकी दाखवणाऱ्यांनी सभेनंतरचं गावही दाखवायला हवं होतं.

ते पाहायचं तर वेस्ट मेम्फिसकडेच जावं लागतं. १९ ऑगस्ट २०११ला तिघंही सुटले, अठरा वर्षांनी. पण ‘आम्ही निर्दोष आहोत, तरी सरकारकडे पुरेसा पुरावा आहे हे मान्य करतो’ अशा अजब कबुलीवर. कागदोपत्री ते आजही दोषी आहेत, त्यामुळे सरकारच्या लेखी गुन्हा उलगडलेला आहे. एकल्सने जुन्या पुराव्यांची नव्या पद्धतीने डीएनए चाचणी मागितली, तेव्हा तू आता तुरुंगात नाहीस म्हणून ती मागायचा तुला हक्क नाही असं त्याला सांगण्यात आलं. २०२४च्या एप्रिलमध्ये आर्कान्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. त्या तीन लहान मुलांना मारणारा कोण, हे शोधायला म्हणून ही चाचणी तो माणूस मागतो आहे ज्याला त्यांच्या खुनासाठी मृत्युदंड सुनावला होता.